नोकरी सांभाळून उत्तरलेखनाला वेळ कसा काढायचा?

नमस्कार. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे हाताने लिहिण्याचा सराव हवाच. माझी अडचण तिथेच आहे. कल्याण ते सीएसएमटी जलद लोकलने तासाभराचा प्रवास, तोही उभ्याने. त्यात चालू घडामोडी ऐकून होतात, पण वही उघडता येत नाही. सकाळी साडेपाच ते साडेसहा नळाला पाणी, मग डबे. परत येईपर्यंत रात्रीचे आठ.

पहाटे चारला उठून पाहिलं, तर दुपारी ऑफिसात डोळे मिटायला लागले. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत वाचनाला छान चालली, निबंधाची मात्र लय तुटते. सगळं रविवारवर ढकललं तर हात बसत नाही.

नोकरी सोडणं किंवा बिनपगारी रजा शक्य नाही. रात्रीचा स्वयंपाक सासूबाई बघतात, ती बाजू मोकळी आहे. स्टेशनजवळ अभ्यासिका आहे, दहाला बंद होते.

नोकरी करत लेखी परीक्षेची तयारी केलेल्यांनी कृपया सांगावं: लोकलमधून उतरून थेट अभ्यासिकेत रोज एक तास लिहावं, की आठवड्यातले तीन दिवस ठरवून सलग दोन-दोन तास? आणि लिहिलेली उत्तरं तपासायला वेळ कधी ठेवता?