ग्लासगोला पहिल्यांदाच: नोव्हेंबरअखेर, कुरकुरणारा गुडघा आणि शाकाहार

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. धाकटीचं ग्लासगो युनिव्हर्सिटीत एमएस्सी झालं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पदवीदान आहे. मी आणि हे नाशिकहून निघतोय, आठवडाभर राहू. परदेशात दोघांचीही पहिलीच वारी. लेक म्हणते, ग्लासगोत काय, दोन दिवसांत उरकू आणि एडिनबराला जाऊ. ह्यांचा एक गुडघा कुरकुरतो, जिने नकोत. त्यात हे इतिहासाचे निवृत्त शिक्षक, कुठे पाटी दिसली की वाचल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. मी पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. ग्लासगोत बघण्यासारखं खरंच काय आहे? थंडीत बाहेर पडता येतं का? यूट्यूबवर सगळं जून-जुलैचंच दिसतं.

मुलुंडचा_अव्या:
काकू, लेकीचं ऐका. किल्ला, जुनं शहर, सगळं एडिनबराला. ग्लासगो म्हणजे कारखान्यांचं शहर. समारंभ झाला की बॅग उचला.

सातारी_ग्लासगोत:
अव्या, तू ग्लासगोत स्टेशनबाहेर कधी पडला होतास का रे? असो.

ताई, मी इथं नर्स आहे, बरेच हिवाळे काढलेत. आधी उजेडाचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. त्या आठवड्यात सूर्य सव्वाआठच्या पुढं उगवतो आणि चारच्या आत मावळतो. अंघोळ, पूजा, नाश्ता करून अकराला निघालात तर हातात पाच तासही उरत नाहीत. त्यामुळं उघड्यावरचं सगळं सकाळी, आणि दोन वाजले की छपराखाली. छपराखालचं या शहरात इतकं आहे आणि बहुतेक फुकट आहे, की मी तर म्हणेन हिवाळ्यात एडिनबरापेक्षा ग्लासगोच बरं. तिथं ती चढणीची दगडी गल्ली, वारं आणि गुडघा! एडिनबरा एका दिवसात जाऊन या. क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून गाडीनं पाऊण-एक तास. मुक्काम इथंच ठेवा.

समारंभ बहुधा युनिव्हर्सिटीच्या मुख्य इमारतीतल्या ब्यूट हॉलमध्ये असेल. ती इमारत जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाची, 1870 मध्ये तिथं वर्ग सुरू झाले. सरांना हे आधीच सांगून ठेवा: मुंबई विद्यापीठाचं पदवीदान सभागृह आणि राजाबाई टॉवर याच माणसानं आखलेत, आणि तेही मुंबईत पाऊल न टाकता, इथून नकाशे पाठवून. ग्लासगोच्या इमारतीवरचा जाळीदार मनोरा मात्र त्याच्या मुलानं नंतर चढवला. खालच्या खांबांच्या ओवऱ्यांमध्ये सगळे फोटो काढतात, तुम्हीही काढालच. तिथंच हंटेरियन म्युझियम आहे, 1807 पासूनचं. रस्ता ओलांडला की त्यांच्या आर्ट गॅलरीत मॅकिंटॉश या वास्तुविशारदाचं राहतं घर आतल्या सामानासकट पुन्हा उभं केलंय. त्याचं प्रसिद्ध आर्ट स्कूल 2014 आणि 2018 अशा दोन आगींत गेलं, तिकडं जाऊ नका, ताडपत्री आणि परांच्या बघून जीव हळहळतो. त्याऐवजी सॉकीहॉल स्ट्रीटवर 1903 ची त्याची टी-रूम आहे, तिथं चहा घ्या. महाग आहे, पण खुर्च्या बघण्यासारख्या आहेत. बसण्यासारख्या आहेत असं मी म्हणणार नाही.

युनिव्हर्सिटीच्या टेकडीखाली केल्विनग्रोव्ह म्युझियम, लाल दगडाचं, 1901 चं. एकच ठिकाण बघायचं ठरवलंत तर हे. छताला लढाऊ स्पिटफायर विमान टांगलंय, त्याखाली पेंढा भरलेला हत्ती उभा आहे, वरच्या मजल्यावर चित्रकार दालीचा क्रूसावरचा ख्रिस्त आहे, वरून बघितल्यासारखा. असला काला दुसरीकडं बघितला नाही. दुपारी एकला (रविवारी तीनला) मधल्या दालनात मोठा ऑर्गन वाजवतात, त्या वेळेला पोहोचा. शुक्रवारी आणि रविवारी ते अकराला उघडतं, बाकी दिवशी दहाला. लिफ्ट आहे.

आता सरांसाठी खास. रॉयल एक्सचेंज स्क्वेअरमध्ये आधुनिक कलेच्या गॅलरीसमोर घोड्यावर वेलिंग्टन या ब्रिटिश सेनापतीचा पुतळा आहे, आणि त्याच्या डोक्यावर रस्त्यावरचा केशरी ट्रॅफिक कोन. लोक रात्री चढून बसवतात. 2013 मध्ये कौन्सिलनं चौथरा उंच करायचं ठरवलं तर गावभर एवढी ओरड झाली की तो बेत गुंडाळावा लागला. पण तुम्ही चौथऱ्याकडं बघा. एका बाजूला वॉटर्लूची लढाई कोरलीय, आणि दुसऱ्या बाजूला असईची. आपली जालना जिल्ह्यातली असई, 1803, जिथं त्यानं शिंदे-भोसल्यांच्या फौजांना हरवलं. हायलँड लाइट इन्फन्ट्री ही ग्लासगोची पलटण, तिच्या बिल्ल्यावर हत्ती आणि त्याखाली असईचं नाव असायचं. मी तिथून येता-जाता त्या टोपीकडं बघते आणि मला बरं वाटतं, एवढंच सांगते.

त्या गॅलरीची इमारतही मुळात एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचा वाडा. व्हर्जिनिया स्ट्रीट, जमैका स्ट्रीट ही नावं शहरात का आहेत हे सरांना सांगायला नको. गुलामांच्या कष्टावरचा पैसा.

कॅथेड्रलला सकाळी जा. मध्ययुगातलं आहे, धर्मसुधारणेच्या मोडतोडीतून वाचलेलं. खाली तळघरात सेंट मंगो या ग्लासगोच्या संताची समाधी. मागच्या टेकडीवर नेक्रोपोलिस, म्हणजे श्रीमंतांचं कबरस्तान. वाट ओली असली की निसरडी असते, सरांनी तिकडं जाणाऱ्या पुलावरूनच बघावं. शेजारी सेंट मंगो म्युझियममध्ये सगळ्या धर्मांच्या वस्तू आहेत, त्यात एक सुरेख नटराज.

भुयारी रेल्वे गंमत म्हणून एकदा करा. 1896 ची, एकच गोल मार्ग, 15 स्टेशनं. उलट्या दिशेनं बसलात तरी फिरून तिथंच, चोवीसेक मिनिटांत. पण लिफ्ट फक्त सेंट इनॉक आणि गोव्हन या दोनच स्टेशनांवर. म्हणून सरांना सेंट इनॉकला बसवा, गोव्हनला उतरवा. तिथून 2024 मध्ये झालेल्या पुलानं क्लाइड नदी ओलांडली की पलीकडं झाहा हदीद या वास्तुविशारद बाईंनी आखलेलं रिव्हरसाइड म्युझियम. ग्लासगोत बनून दक्षिण आफ्रिकेत धावलेलं आणि परत आणलेलं अजस्र वाफेचं इंजिन आत उभं आहे. रविवारी भुयारी रेल्वे संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होते, ध्यानात ठेवा.

छत्री नाशिकलाच ठेवा. इथला पाऊस आडवा येतो. टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट आणि रबरी तळाचे बूट घ्या, बाकी थंडी तीन ते आठ अंशांची, सोसते.

पायपीट:
जेवणाचं मी सांगतो. चिप्स घेताना कशात तळल्या ते विचाराच. स्कॉटलंडमध्ये बऱ्याच दुकानांत गाईची चरबी वापरतात, शिवाय कढई माशांबरोबर एकच. बाकी शाकाहाराची चिंता नको, शहरात व्हीगन हॉटेलं भरपूर. व्हीगन लिहिलेलं असलं की अंड्याचाही प्रश्न मिटतो. पोलोकशील्ड्समध्ये अल्बर्ट ड्राइव्हच्या आसपास पाकिस्तानी आणि भारतीय वाणसामानाची दुकानं आहेत. मेथी, कढीपत्ता, कणीक सगळं मिळतं. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाला 1859 पासून लॉक कॅट्रिन या तळ्याचं पाणी येतं आणि ते गोड आहे.

विमानतळावर रेल्वे नाही. 500 नंबरची बस थेट शहरात जाते.

मुलुंडचा_अव्या:
बरं बाई, स्टेशनबाहेर पडतो पुढच्या वेळी. पण लॉक लोमंडचं तळं तरी सांगा त्यांना.

सातारी_ग्लासगोत:
सांगते की. क्वीन स्ट्रीटवरून बॅलोकची गाडी, पाऊण तासाच्या आसपास. स्टेशनपासून तळं जवळ आणि सपाट. पण आभाळ कोरडं असेल त्याच दिवशी, तिकीट आधी काढून ठेवू नका.

गोदाकाठ:
किती मनापासून लिहिलंत! ह्यांनी असईचं वाचल्यापासून जुनी वही काढलीय, आता पुतळा पहिल्याच दिवशी. दोन शंका. समारंभाला पैठणी नेसायची आहे, थंडीत जमेल का? आणि देऊळ आहे का जवळ?

सातारी_ग्लासगोत:
देऊळ आहे, हिंदू मंदिर, ला बेल प्लेसला, केल्विनग्रोव्ह पार्कच्या बाजूला. पैठणी खुशाल नेसा, हॉल गरम असतो. परकराखाली थर्मल आणि वरून लांब कोट. लेकही नऊवारी नेसणार असेल तर तिला आधी सराव करायला सांगा, तिचा गाऊन वरून नीट बसायला हवा. पाहुण्यांची तिकिटं मोजकीच मिळतात, ती तिनं घेतलीत का तेवढं आजच विचारा.