ग्रहणात निर्णय नको, नुसतं बसा

एका ताईंनी लिहिलंय की ग्रहणाच्या दिवशी मोठा निर्णय घ्यावा, बदलाला वेग येतो. मला हे पटत नाही. ज्योतिषात चंद्र म्हणजे मन. राहूने ते झाकोळलेलं असताना आतलं जे वर येतं ते पाहायचं, त्यावर लगेच पाऊल उचलायचं नाही.

७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण कुंभ राशीत, पूर्वाभाद्रपदा नक्षत्रात होतं. माझी रासही कुंभच. वावराच्या वाटणीवरून मोठ्या भावाला वकिलाची नोटीस पाठवायची, असं मी ठरवूनच टाकलं होतं. आजी दुपारपासून वेध, म्हणजे ग्रहणाआधीचा उपासाचा काळ, पाळून बसलेली. म्हणाली, "आज काही ठरवू नोको बाप्पा, निस्तं नाव घे." रात्री ११ ते १२.२२ पूर्ण ग्रास होता, तेवढा वेळ ओसरीवर जप केला. राग हळूहळू ओसरला आणि खाली निघाली ती भीती, एकटं पडण्याची. नोटीस गेली नाही. मोक्षाची, म्हणजे ग्रहण सुटल्यावरची, आंघोळ करून भावाला फोन लावला.

राहू-केतू साधारण साडेअठरा वर्षांनी त्याच राशींत परततात. २८ ऑगस्ट २००७ चं ग्रहणही कुंभेतलंच. त्याच वर्षी बाबा गेले आणि वावर आम्हा दोघांच्या नावावर चढलं. तुम्हीही २००७ साल आठवून पाहा, कोणती गाठ तेव्हा अर्धवट राहिली ते.

आणि हो, घरात गरोदर बाई असेल तर तिला उपाशी ठेवू नका. लहान मुलं, म्हातारे, आजारी आणि गर्भवतींना वेधाची सवलत पंचांगातच दिलेली असते.