27 ते 29 दिवेआगर: विंग ए, बी, सी

मंगळवार, रात्री 9:40 नंतर

मानसी (बी-302): नमस्कार. हा विषय इथे काढायचा नव्हता, पण मुलांच्या ग्रुपवर आम्हाला कुणी घेत नाही. ओंकारने आत्ता जेवताना सांगितलं की परीक्षा संपली की 27 ते 29 दिवेआगरला जायचं ठरलंय आणि उद्या दुपारपर्यंत माणशी 6,500 भरायचेत. आठ जण आहेत, त्यातले सहा आपल्याच सोसायटीतले. हे कुणाकुणाच्या घरी माहीत आहे?

सुजाता (सी-203): मला माहीत आहे. ऋताने मागेच सांगितलं होतं.

मानसी (बी-302): मग एक शब्द बोलायचा ना, सुजाता. रोज जिन्यात भेटतो आपण.

सुजाता (सी-203): ओंकारने घरी सांगितलं असेल असं वाटलं. आणि जिन्यात भेटतो तेव्हा तू फोनवर असतेस.

रोहन (ए-304): ओंकार ऑनलाइन दिसतोय. ये बाबा, पुढे ये 😄

ओंकार (बी-302): आई, तू बाहेरच्या खोलीत आहेस, मी आतल्या. इथे कशाला टाकलंस 🙏

ओंकार (बी-302): सगळ्यांसाठी सांगतो. रिसॉर्टचं पॅकेज आहे. दोन रात्री, एसी खोल्या, स्विमिंग पूल, बनाना राइड, जाऊन-येऊन ट्रॅव्हलर. गोव्याला माणशी दहाच्या खाली बसत नव्हतं म्हणून हे काढलं.

पवार काका (सी-4): एसटीने जा. मुलींना अर्धं तिकीट आहे.

नाना, सेक्रेटरी (ए-101): हा ग्रुप सोसायटीच्या कामकाजासाठी आहे, कृपया लक्षात असावे. तरी विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. 26 ला रामनवमी. मांडव, पाळणा, सुंठवडा वाटप, सगळ्याला पोरांनी हो म्हटलंय. मांडव 27 ला उतरवायचा आहे. तो कोण उतरवणार?

शिंदे (बी-104): आणि ट्रॅव्हलर गेटच्या आत घेऊ नका. मागच्या वेळी सिनियर लोकांच्या अष्टविनायकाला ती आडवी उभी होती, माझी गाडी तासभर अडकली.

नाना, सेक्रेटरी (ए-101): शिंदे साहेब, तेव्हाही दिलगिरी व्यक्त केली होती.

शिंदे (बी-104): तोंडी केली होती.

मानसी (बी-302): मांडव आणि गेट नंतर बघा हो. मला समुद्राची भीती वाटते. फेब्रुवारी 2016 मध्ये पुण्याच्या कॉलेजची मुलं मुरूडला सहलीला गेली आणि बुडाली. शिक्षक बरोबर असताना. ही मुलं तर एकटीच जाणार. ओंकारला नीट पोहताही येत नाही.

शिंदे (बी-104): ते मुरूड दापोलीकडचं ना?

तोडणकर काका (ए-403): नाही. जंजिऱ्याचं. दिवेआगरहून खाडीपलीकडे. मानसीताई, तुमची काळजी खोटी नाही.

रोहन (ए-304): एक विचारू? ओंकार, पैसे कुणाच्या नावावर भरायचेत?

ओंकार (बी-302): इन्स्टाच्या पेजवर एक नंबर दिलाय, त्या दादांच्या क्यूआरवर. फोटो छान आहेत, थांबा टाकतो.

रोहन (ए-304): रिसॉर्टच्या नावावर नाही, एका माणसाच्या क्यूआरवर. आणि सगळे आगाऊ, तेही उद्या दुपारपर्यंत. आठ जणांचे 52,000 होतात. आता मस्करी करत नाही, एक रुपयाही पाठवू नका.

ओंकार (बी-302): (3 फोटो)

तोडणकर काका (ए-403): दुसरा फोटो मोठा करून बघा. पूलच्या मागे समुद्र आहे आणि काठाला काळे खडक आहेत. दिवेआगरचा किनारा म्हणजे सलग वाळू आणि तिच्यामागे सुरूचं बन. असे खडक तिथे पूलला लागून कुठे नाहीत. हा फोटो दिवेआगरचा नव्हे.

ऋता (सी-203): अरे बापरे. ओंक्या, मी म्हटलं होतं तुला, कमेंट बंद आहेत त्या पेजवर.

ओंकार (बी-302): मी त्यांना आत्ता म्हटलं, गेटवरून व्हिडिओ कॉल करा. म्हणाले नेटवर्क नाही. आता फोन उचलत नाहीयेत.

रोहन (ए-304): झालं मग. ब्लॉक कर.

मानसी (बी-302): बघा. इथे काढलं म्हणून कळलं.

सुजाता (सी-203): बरोबर आहे मानसी. चांगलं केलंस.

देवधर आजी (ए-102): 🌸 शुभ रात्री 🌸 मनाची शांती हाच खरा ठेवा 🌸

पवार काका (सी-4): पुण्याहून श्रीवर्धनला थेट लाल गाडी आहे, ताम्हिणीतून. म्हसळ्याला उतरा, तिथून बोर्ली पंचतनची गाडी. बोर्लीहून दिवेआगर हाकेवर. माणशी तीनशेच्या आसपास. मुलींना अर्धं तिकीट.

कदम (ए-202): मुलीही आहेत का? मुलं-मुली एकत्र, दोन रात्री?

सुजाता (सी-203): हो, तीन मुली आहेत. वीस वर्षांच्या आहेत. खोली वेगळी असेल. तुम्हाला नक्की काय विचारायचंय, कदम भाऊ?

कदम (ए-202): मी सहज विचारलं, ताई. काळजीपोटी.

सुजाता (सी-203): मुलांबद्दल ही काळजी कुणी विचारली नाही म्हणून म्हटलं.

ऋता (सी-203): काका, आम्ही अकरावीपासून बरोबर आहोत. प्रोजेक्टसाठी रात्र रात्र लॅबमध्ये बसतो तेव्हा कुणी विचारत नाही.

नाना, सेक्रेटरी (ए-101): कृपया वैयक्तिक पातळीवर येऊ नये. रात्रीचे अकरा वाजले आहेत.

बुधवार

तोडणकर काका (ए-403): सुप्रभात. सकाळी गावाकडे फोन केला. दिवेआगरात माझ्या मावसभावाच्या ओळखीची एक घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. पूल नाही, एसी नाही. कौलारू घर, पुढे अंगण, मागे सुपारीची वाडी, आणि वाडीतून पाच मिनिटांत समुद्र. दोन मोठ्या खोल्या, मुलींची घरमालकीणबाईंच्या खोलीला लागून. चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण धरून माणशी दिवसाला 1,100. पैसे आगाऊ नकोत, म्हणाले पोरं आली की बघू.

कदम (ए-202): उकडीचे मोदक मिळतात ना तिथे? आम्ही गेलो होतो तेव्हा ताटावर आले होते, केळीच्या पानात.

तोडणकर काका (ए-403): आदल्या दिवशी सांगितलं तर करतात.

देवधर आजी (ए-102): 29 ला एकादशी आहे. त्या दिवशी तरी पोरांनी मासे खाऊ नयेत असं मला वाटतं.

शिंदे (बी-104): आजी, समुद्रावर जाऊन वरणभात खायचा का? 😀

देवधर आजी (ए-102): मी माझं मत सांगितलं.

शिंदे (बी-104): मत सगळ्यांना असतं. आमच्या घरी रविवारी सुरमई तळली तर नोटीस बोर्डावर कागद लागतो, तेव्हा आमचं मत कुणी विचारलं नव्हतं.

नाना, सेक्रेटरी (ए-101): तो कागद डस्टबिनबाबत होता, तळण्याबाबत नव्हता.

शिंदे (बी-104): फोटो आहे माझ्याकडे. हवा तर टाकतो.

रोहन (ए-304): शिंदे काका, आजी, हे रविवारी खाली बसून बोलू. आधी पोरांचं ठरू दे ना.

पवार काका (सी-4): ट्रॅव्हलर स्वस्त पडते असं कुणाला वाटेल. पडत नाही. मार्च 2023 पासून सगळ्या बायका-मुलींना एसटीत निम्मं भाडं आहे. तीन मुलींचा हिशेब करा.

ऋता (सी-203): केला, काका. दोन दिवसांचं राहणं-जेवण 2,200. मुलांचं एसटीचं जाऊन-येऊन 600, आमचं 300. तिथली टमटम वगैरे 400. वर 300 गाठीला. मुलं 3,500, मुली 3,200. पॅकेजपेक्षा जवळजवळ निम्मं.

ओंकार (बी-302): बनाना राइड?

ऋता (सी-203): ती तुझ्या खिशातून.

मानसी (बी-302): राइडचं आधी मला सांगा. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली होती, माणसं गेली. लाइफ जॅकेट न बांधता कुठल्याही बोटीत कुणी बसलं तर मी स्वतः तिथे येईन.

तोडणकर काका (ए-403): मानसीताई, आता माझं शांतपणे वाचा, पोरांनीही वाचा. आमच्याकडे म्हातारी माणसं भरती तिथीवरून सांगायची. तिथीची पाऊणपट करायची. 28 ला दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पुरी भरती, आणि दुपारी दीड-दोनला पुरी ओहोटी. थोडं इकडे तिकडे होतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढत नाही. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा या सल्ल्याला अर्थ नाही.

तोडणकर काका (ए-403): पाण्यात जायचं ते दुपारी चार ते साडेपाच, पाणी चढतं असताना, आणि कमरेच्या वर नाही. सकाळी आठनंतर पाणी उतरायला लागतं, तेव्हा लाट पायाखालची वाळू घेऊन मागे ओढते. पोहता येणाऱ्यालाही ते झेपत नाही. मुख्य म्हणजे गावातला माणूस नको म्हणाला की बाहेर यायचं, वाद घालायचा नाही.

कदम (ए-202): काका, हल्ली मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं.

तोडणकर काका (ए-403): मिळतं ना. तेही बघा. दोन्ही जुळलं तर उत्तम, नाही जुळलं तर गावात विचारा.

ऋता (सी-203): काका, शनिवारी हरिहरेश्वर करायचंय. तिथली प्रदक्षिणा?

तोडणकर काका (ए-403): तेच सांगणार होतो. काळभैरवाच्या देवळामागून चढून पुढे दोन कड्यांच्या मधल्या पायऱ्यांनी खाली उतरायचं, आणि मग सगळी वाट समुद्रालगतच्या खडकांवरून. भरतीला ती वाट पाण्याखाली जाते. तिथे सेल्फी काढताना लोक लाटेबरोबर गेलेत. शनिवारी बारानंतर उतरा, दोनच्या आत वर या. ऊन लागेल, टोप्या घ्या. पण संध्याकाळी सूर्यास्त बघायला म्हणून खाली उतरलात तर माझ्याशी गाठ आहे.

मानसी (बी-302): तोडणकर काका, हे सगळं लिहून द्याल का एका कागदावर? ओंकार मोबाइलमधलं वाचत नाही.

ओंकार (बी-302): आई मी वाचतोय 🙏 बारा ते दोन. कमरेच्या वर नाही.

ऋता (सी-203): आणि मला वेळासला कासवं बघायची होती. बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वी, पुढे वेळास. मार्चमध्ये पिल्लं सोडतात.

तोडणकर काका (ए-403): या वेळी नको, बेटा. पिल्लं सोडतात ती भल्या सकाळी नाहीतर संध्याकाळी. आणि अंड्यातून कधी बाहेर येतील हे कुणाच्या हातात नसतं. एक रात्र वेळासलाच राहावं लागतं. दोन दिवसांत सगळं कोंबलंत तर नुसते रस्त्यावर राहाल.

ऋता (सी-203): बरं. पुढच्या वर्षी नुसतं वेळास.

सुजाता (सी-203): पुढच्या वर्षी नोकरी असेल तुला.

पवार काका (सी-4): रात्रीची गाडी घेऊ नका. ताम्हिणीत वळणं वाईट आहेत आणि रात्री म्हसळ्याला उतरून पुढे काही मिळत नाही. सकाळचीच धरा. आणि मुलींना अर्धं तिकीट.

रोहन (ए-304): काका, आता पाठ झालंय आम्हाला 😄

पवार काका (सी-4): पाठ झालं असेल, पण कालपासून तिकीट कुणी काढलं नाही. चौतीस वर्षं एसटीच्या तिकीट खिडकीत बसलोय, शुक्रवारी सकाळची गाडी आयत्या वेळी भरलेली असते. सणाला जोडून सुट्टी आहे.

मानसी (बी-302): ठीक आहे. जाऊ दे. पण तोडणकर काकांनी सांगितलेल्या घरीच राहायचं, आणि मालकीणबाईंचा नंबर माझ्याकडे आणि सुजाताकडे पाहिजे. रात्री जेवण झालं की एक फोन. मेसेज नाही, फोन.

सुजाता (सी-203): मानसी, मी पण तेच म्हणणार होते. संध्याकाळी खाली ये ना, चहाला.

मानसी (बी-302): येते. फोन वर ठेवून येते.

नाना, सेक्रेटरी (ए-101): सर्व ठरले याचा आनंद आहे. मांडवाचा प्रश्न मात्र अजून अनुत्तरित आहे. मी एकदाच विचारले होते.

शिंदे (बी-104): पोरं जातायत तर जाऊ द्या. 27 ला मी आणि रोहन उतरवतो. पण बांबू माझ्या पार्किंगमध्ये ठेवायचे नाहीत.

ओंकार (बी-302): नाना, आम्ही 26 ला रात्रीच उतरवून टाकतो. कार्यक्रम आटोपला की नऊपासून लागतो सगळे. सकाळी लवकर उठायचंच आहे.

नाना, सेक्रेटरी (ए-101): उत्तम. शिडी ऑफिसात आहे, चावी माझ्याकडून घ्यावी.

पवार काका (सी-4): ओंकार, ऋता, उद्या दहाला स्वारगेटला या. मी येतो बरोबर. ओळखपत्रं आणा.