सुरक्षित वॉर्डात वरिष्ठ सायकॉलॉजिस्ट: नेमकं काम काय, आणि चुका कुठे होतात?

मेघा_गंगापूररोड

नमस्कार. नाशिकला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे. आजवरचं काम ओपीडी आणि जनरल हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डातलं. आता मनोरुग्णालयाच्या बंद वॉर्डात वरिष्ठ पदावर रुजू व्हायचंय. कोर्टाच्या आदेशाने आलेले आणि कारागृहातून पाठवलेले रुग्ण तिथे असतात. हाताखाली दोन ज्युनियर असतील.

धोक्याचं मूल्यमापन रोजच्या कामात कसं बसवायचं? कोर्टाच्या रिपोर्टात काय लिहायचं, काय नाही? मुलाखतीची खोली, चाचण्या यांत काय वेगळं करावं लागतं? व्याख्या नकोत, वॉर्डात चालतं ते सांगा.

त्र्यंबकनाका

मेघाताई, रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कामाची वाटणी करून घ्या. उपचार करणारा आणि कोर्टाला मत देणारा एकच माणूस नसावा. ज्याचा रिपोर्ट तुम्ही लिहिणार त्याची थेरपी ज्युनियरकडे द्यायची. माणसं कमी असली की दोन्ही एकाच टेबलावर येतं. तेव्हा प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला सांगायचं, "आज तुम्ही जे बोलाल ते मी कोर्टाला कळवणार आहे." उपचाराची बैठक असेल तर तसं सांगायचं, आणि कोर्टाने मागितले तर केसपेपर द्यावे लागतात हेही लपवायचं नाही. मग त्याला काय समजलं ते त्याच्याच तोंडून ऐकायचं आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. नुसतं 'कल्पना दिली' असं लिहिलं तर साक्षीच्या वेळी ते टिकत नाही.

म्हणूनच न्यायबंदी (खटला चालू असलेले कैदी) असलेल्या रुग्णांच्या थेरपी ग्रुपमध्ये गुन्ह्याच्या घटनेवर बोलणं काढू नका. खटला चालू असताना तो ग्रुपमध्ये जे बोलेल ते शेजारी बसलेले सात जण ऐकतात, आणि त्यातला एखादा उद्या साक्षीदार होऊ शकतो. ग्रुप सहा ते आठ जणांचा, ४५ मिनिटांचा, दोन कर्मचारी सोबत. विषय असे घ्या: आवाज ऐकू येणं, आजार उलटण्याच्या खुणा, दारू-गांजा, राग चढताना शरीरात काय होतं. मॅनियाच्या (अतिउत्साहाचा, अतिबोलकेपणाचा झटका) ऐन भरातल्या रुग्णाला त्यात बसवलं की ग्रुप त्याचाच होतो. त्याला पंधरा-पंधरा मिनिटं एकटं भेटा.

धोक्याचं मूल्यमापन दोन वेगळ्या मुदतींचं असतं, आणि घोटाळा तिथेच होतो. पुढच्या २४ तासांसाठी ब्रोसेट चेकलिस्ट वापरतात. तिच्यात सहा बाबी आहेत: गोंधळलेपण, चिडचिड, आरडाओरडा-दांडगाई, अंगावर धावून जाण्याचा आविर्भाव, तोंडी धमकी, वस्तूंवर हल्ला. प्रत्येकाला ० किंवा १. बेरीज ० आली तर धोका कमी, १-२ मध्यम, ३ किंवा जास्त म्हणजे लगेच हालचाल. जो रुग्ण एरवीही मोठ्यानेच बोलतो, त्याला नेहमीपेक्षा वाढ दिसली तरच गुण द्यायचा. हे न शिकवल्यामुळे काही रुग्ण कायम 'धोकादायक' राहतात आणि मग त्या आकड्याकडे कोणी बघेनासं होतं.

पुढच्या काही महिन्यांसाठी एचसीआर-२०, म्हणजे हिंसेचा धोका तपासायची वीस बाबींची यादी. तिसरी आवृत्ती २०१३ ची आहे. दहा बाबी मागच्या आयुष्याच्या, पाच सध्याच्या अवस्थेच्या, पाच पुढच्या परिस्थितीच्या. यात बेरीज करायची नसते. कोणत्या बाबी याच माणसाच्या हिंसेशी जोडलेल्या आहेत ते ठरवून कमी, मध्यम, जास्त असा निष्कर्ष लिहायचा. मागच्या दहा बाबी फारशा हलत नाहीत. उरलेल्या दहा मात्र कोर्टाची तारीख, घरच्यांनी भेट नाकारणं, औषधबदल, वॉर्डबदल यांपैकी काहीही झालं की पुन्हा बघायच्या. सहा महिन्यांनी ठरल्यावेळी करू म्हटलं तर बरोबर नको तेव्हा जुना कागद हाताशी असतो.

आणि खरं काम त्याच्या पुढचं. 'मध्यम धोका' या दोन शब्दांनी रात्रपाळीच्या अटेंडंटला काहीही कळत नाही. त्याच्यासाठी असं लिहा: "रविवारी घरचा फोन आला नाही तर संध्याकाळचं जेवण नाकारतो. मग व्हरांड्यात येरझाऱ्या घालतो. तासाभरात शेजारच्या कॉटवरच्याशी भांडण उकरतो. जेवण नाकारल्यावरच एकाने बाजूला नेऊन बोलावं, बाकीच्यांनी गराडा घालू नये, शेजाऱ्याची कॉट हलवावी, ड्यूटी डॉक्टरांना कळवावं." पाच-सहा ओळी, मराठीत, फाइलच्या पहिल्या पानावर. बारा पानी इंग्रजी रिपोर्ट कपाटात राहतो आणि रात्री दोन वाजता कपाटाला कुलूप असतं.

खोलीचं थोडक्यात: दाराजवळची खुर्ची तुमची, पण रुग्णाची बाहेर जायची वाटही अडवायची नाही. कोंडल्यासारखं वाटलं की संशयी माणूस जास्त बिथरतो. दाराला काचेची पट्टी हवी. आत कोण, किती वेळ, हे सिस्टरांना सांगून जायचं. स्टेपलर, पेपरवेट, स्पायरल वही, काचेचा ग्लास टेबलावर नको. ओळखपत्राची दोरी ओढली की सुटणारी घ्या, ओढणी पिन करून किंवा नकोच. पेन्सिल आखूड द्यायची, चाचणीचे ठोकळे मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे, आणि संख्या फॉर्मवरच लिहायची.

अधिपरिचारिका_देवळाली

वरचं बरोबर आहे. वॉर्डाच्या बाजूने सांगते.

ब्रोसेट प्रत्येक पाळीला भरायची असते, पण ड्यूटी संपताना सगळ्यांच्या नावांसमोर सलग शून्यं मांडून मोकळं होणं ही नेहमीची गोष्ट आहे. यावर ओरडून उपयोग नाही. सकाळी पाळी बदलताना दहा मिनिटं ओव्हरला तुम्ही स्वतः उभ्या राहा आणि विचारा, "काल तिघांचे दोन आले, मग आपण काय केलं?" आकड्यावरून काहीतरी घडतं हे दिसलं की पोरी नीट भरायला लागतात. सायकॉलॉजिस्ट अकराला येऊन केबिनमध्ये बसणार असतील तर फॉर्म कोणासाठी भरायचा?

आत्महत्येच्या धोक्यासाठी 'दर पंधरा मिनिटांनी पाहणी' लिहून देता, तेव्हा वेळा मागेपुढे ठेवायला सांगा. ठरलेल्या ठोक्याला गेलं की रुग्णाला मधली वेळ पाठ होते. धोका जास्त असेल तर पाहणी पुरत नाही, हाताच्या अंतरावर माणूस बसवावा लागतो, आणि तो दर तासाला बदलावा, नाहीतर लक्ष उडतं. कपड्यांना नाडीऐवजी इलास्टिक. खोली तपासताना नुसतं वर बघू नका, खालच्या उंचीवरच्या गोष्टीही बघा. संडास-बाथरूम सगळ्यात आधी.

बांधण्याबद्दल. मानसिक आरोग्य काळजी कायदा २०१७, कलम ९७. एकटं कोंडून ठेवायला बंदीच आहे. शारीरिक प्रतिबंध फक्त समोर दिसणारी इजा टाळायला दुसरा कोणताच उपाय नसेल तेव्हा, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, आणि धोका टळेपर्यंतच. शिक्षा म्हणून नाही, स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही. पद्धत, कारण, किती वेळ हे लगेच केसपेपरवर. नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने नेमलेला माणूस) २४ तासांत कळवायचं, आणि दर महिन्याच्या अहवालात मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जातं. साखळी तर कलम ९५ प्रमाणे कुठल्याच परिस्थितीत नाही. त्यानंतरचं काम तुमचं: रुग्णाशी वेगळं बोलणं आणि ज्याला मार लागला त्या अटेंडंटशी वेगळं. दोघांना एकत्र बसवून 'समेट' करायला जाऊ नका.

अजून एक. तंबाखूची पुडी, एखादा फोन लावून देणं, बाहेरची चिठ्ठी: मोठी गडबड अशा छोट्या मेहेरबानीपासून सुरू होते. देणारा बहुतेक वेळा नवीन आणि एकटा पडलेला असतो. ज्युनियरला दर आठवड्याला तास द्याल तेव्हा "कोणता रुग्ण तुला जास्त आवडतो, कोणाला टाळावंसं वाटतं?" हे विचारत जा.

वकील_शरणपूररोड

रिपोर्टाबद्दल. कोर्ट दोन अगदी वेगळे प्रश्न विचारतं आणि रिपोर्टात त्यांची खिचडी होते.

पहिला: आरोपी आज खटल्याला तोंड देऊ शकतो का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६७ आणि ३६८. आरोप काय, न्यायाधीश कोण, आपला वकील कोण, शिक्षा झाली तर काय होईल, आणि वकिलाला आपली बाजू सांगता येते का, हे तपासायचं. दुसरा: घटनेच्या वेळी कृत्याचं स्वरूप किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे कळण्यास तो मनोविकलतेमुळे असमर्थ होता का? भारतीय न्याय संहितेचं कलम २२, आणि घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर भारतीय दंडसंहितेचं ८४. आज स्किझोफ्रेनिया आहे म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप 'हो' होत नाही. ते सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते आणि ठरवतं कोर्ट.

त्यामुळे 'आरोपी घटनेवेळी वेडसर होता' असं वाक्य नको. घटनेआधी, घटनेत आणि घटनेनंतर त्याचं वागणं कोणत्या कागदात कसं नोंदलंय ते लिहा: एफआयआर, पंचनामा, अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी, आधीचे उपचाराचे कागद, घरच्यांचं आणि शेजाऱ्यांचं म्हणणं. हत्यार लपवलं का, पळाला का, तिथेच बसून राहिला का. कोणता कागद मागूनही मिळाला नाही तेही लिहा. उलटतपासणीत पहिले प्रश्न हेच येतात: किती बैठका, किती तास, घटनेनंतर किती महिन्यांनी, औषध चालू होतं का.

पोलिसांनी तोंडी ब्रेन मॅपिंग किंवा नार्को वगैरे मागितलं तर सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल दाखवा. संमतीशिवाय नाही.

मेघा_गंगापूररोड

खूप उपयोग होतोय. दोन शंका. सुरगाणा-पेठकडचे, मालेगाव-सटाण्याचे रुग्ण असतात. कोणी कोकणा बोलतं, कोणी अहिराणी, कोणी उर्दू, आणि शाळा बेताची. बुद्धिमापन आणि सोंग ओळखणं यासाठी काय वापरायचं? आणि रुग्ण परत नाशिकरोड कारागृहात जातो तेव्हा आपलं काम कुठे संपतं?

त्र्यंबकनाका

शाळा न शिकलेल्याला बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी देऊन आलेला बुद्ध्यांक हा शाळेचा हिशेब होतो. त्याऐवजी भाटिया बॅटरी ही चाचणी घ्या, तिच्या पाचही उपचाचण्या कृतीच्या किंवा स्मरणाच्या आहेत. पण तिची मानकं ११ ते १६ वयाच्या मुलांवरची आणि जुनी आहेत, ते रिपोर्टात लिहून रोजच्या व्यवहाराची माहिती जोडायचीच: बाजाराचा हिशेब, एकट्याने एसटीने प्रवास, शेतातली कामं. जड गुंगीच्या औषधावर किंवा ईसीटी (विजेचे झटके) चालू असताना चाचणी करू नका. दोन-तीन आठवडे थांबून केलेली चाचणी कोर्टात जास्त चालते.

दुभाषा बाहेरचा आणवा. अटेंडंट किंवा नातेवाईक नको. अटेंडंट वाक्य 'नीट' करून सांगतो आणि नेमकी विस्कळीत विचारांची खूण पुसली जाते. अंगात येणं, बाहेरची बाधा, भगताकडे जाणं यावरून भ्रम ठरवू नका. त्याच्या पाड्यावरच्या माणसांनाही त्याचं बोलणं वेगळं वाटतं का, ते आधी विचारा.

सोंगाबद्दल: टॉम या स्मरणाच्या चाचणीत ५० चित्रं असतात आणि दुसऱ्या फेरीत ४५ च्या खाली आलं की शंका घ्यायची. पण खरं मतिमंदत्व किंवा स्मृतिभ्रंश असणाराही खाली येतो, म्हणून एका चाचणीवर तो शब्द लिहायचा नाही. मला सिस्टरांचा झोपेचा तक्ता जास्त मोलाचा वाटतो. "आवाज दिवसरात्र अखंड, कधीच कमी होत नाही, काही केलं तरी फरक नाही" असं सांगणारा रात्री सलग आठ तास झोपलेला असेल तर दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी लिहा. आणि सोंग करणाऱ्याला खरा आजारही असू शकतो, हे ज्युनियरला परत परत सांगावं लागतं.

समाजसेवा_सिन्नर

कारागृहात परत जाण्याबद्दल मी लिहितो, कारण सगळं तिथेच सांडतं.

मनोरुग्णालय ठाण्याचं असो की येरवड्याचं, नाशिकरोडचा बंदी बंदोबस्ताच्या गाडीतून जातो आणि बंदोबस्त मिळेल त्या दिवशी निघतो. म्हणजे तुमची 'सोमवारी डिस्चार्ज मीटिंग' कागदावर राहते आणि तो शनिवारीच निघालेला असतो. त्यामुळे एक पानी चिठ्ठी आधीच तयार ठेवा: निदान, औषधं मात्रेसकट, आजार उलटण्याच्या पहिल्या तीन खुणा, आत्महत्येचा धोका, पुढची तारीख. एक प्रत गार्डच्या हातात, एक कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना थेट, आणि पोचल्याचा फोन. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं औषध) चालू असेल तर तसं ठळक लिहा. ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर जुनी मात्रा एकदम द्यायची नसते, पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवावी लागते. शनिवार-रविवारमध्ये हा खंड सहज पडतो.

जे सुटून घरी जाणार त्यांच्यासाठी मानसिक आरोग्य काळजी कायद्याच्या कलम ९८ प्रमाणे डिस्चार्जचं नियोजन आधी करायचं असतं, आणि त्यात घरचे व नामनिर्देशित प्रतिनिधी हवेत. घरचे 'नको' म्हणाले तरी केवळ घर नाही म्हणून वॉर्डात ठेवता येत नाही, त्याच कायद्याचं कलम १९. घरी भेट मी दोनदा सुचवतो. पहिली डिस्चार्जच्या महिनाभर आधी, कारण गावात ज्याच्यावर हल्ला झाला त्याचं घर त्याच गल्लीत असू शकतं आणि ते कागदावर कुठेच नसतं. दुसरी सुटल्यावर पहिल्या सात दिवसांत. आत्महत्येचा धोका त्या दिवसांत खूप वाढलेला असतो, आणि ओपीडीची तारीख सर्रास महिन्यानंतरची दिलेली असते. आठवड्यातली भेट जमत नसेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमला नाव-गाव कळवा, आणि घरच्यांच्या फोनमध्ये टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ त्यांच्यासमोर सेव्ह करून द्या.