तान्ह्या पोळ्याला सहा स्पायडरमॅन: सुपरहिरोंच्या सिनेमांचं एवढं कौतुक कशापायी?

पडद्यामागचा (राळेगाव तालुका)

माझा मंडप आणि साउंडचा धंदा. लग्न, गणपती, मंडई (म्हणजे आमच्याकडची जत्रा), जिथं बोलावतील तिथं माइक माझा, भोंगे माझे. मागणी आली तर पांढरा पडदा अन् प्रोजेक्टरही माझाच. त्यामुळे मी सिनेमा थोडा आणि पब्लिक जास्त पाहतो.

यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, गावात सतरा पोट्टे लाकडी नंदी घेऊन तोरणाखाली आले. वेशभूषेला बक्षीस होतं. एक शिवाजी महाराज, एक विठ्ठल, एक शेतकरी (बापाचं खरं धोतर, दोनदा सुटलं), दोन पोलीस, आणि सहा स्पायडरमॅन. सहाही जण आठवडी बाजारातल्या साडेतीनशेच्या ड्रेसमध्ये, घामानं चिंब. त्यातल्या एकानं मुखवटा कपाळावर सरकवून झडती (पोळ्याचं यमकातलं गाणं) म्हटली आणि पुन्हा खाली ओढून बोजारा (पोळ्याची खुशाली) मागायला निघाला. लोक लय हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला.

माझी एक साधी कसोटी आहे. रात्री खेळ झाला की सकाळी वायर गुंडाळायला मी परत जातो. पोट्टे असतातच तिथं. मी विचारतो, काल काय झालं बे, सांग. मागच्या वर्षी एका मंडळानं 'एंडगेम' लावायला सांगितला होता, 'अॅव्हेंजर्स' या सुपरहिरोंच्या टोळीचा सिनेमा, हिंदीतला. तीन तासांचा. पहिला दीड तास नुसतं बोलणं, निम्मी पोरं सतरंजीवर झोपली. शेवटच्या लढाईला भोंगे थरथरले तशी उठली. सकाळी विचारलं तर एकानं हातोडा फेकला, दुसऱ्यानं ढाल मारली, तिसऱ्यानं चुटकी वाजवली. गोष्ट कुणालाच सांगता आली नाही. दिवाळीनंतर मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांच्या साउंडला जातो. रात्री दहाला पडदा उघडतो, पहाटे पडतो. तिथली म्हातारी तेच नाटक आठ दिवस सुनेला सांगत असते, आणि खलनायकाला आठही दिवस शिव्या देते.

'एंडगेम'नं २०१९ मध्ये जगभरात जवळपास २८० कोटी डॉलर कमावले. कमवू देत. पण कमाई झाली की लगेच 'महान', 'आपल्या काळाचं महाकाव्य' असं लिहून येतं, ते मला पटत नाही. त्याच वर्षी मार्टिन स्कॉर्सेसी नावाचा मोठा अमेरिकन दिग्दर्शक म्हणाला की हे सिनेमे थीम पार्कसारखे आहेत. त्याच्यावर केवढी झोड उठली! मला तर तो आपल्या मंडईतल्या आकाशपाळण्याबद्दल बोलतोय असं वाटलं. पाळणा छानच असतो. पण खाली उतरल्यावर कुणी पाळण्याची गोष्ट सांगत नाही.

आणखी एक. या सिनेमांत साध्या माणसांना काम एकच, वर बघून ओरडायचं आणि पळायचं. मी आयुष्यभर पब्लिक बघत आलो, म्हणून मला ते खुपतं.

तर्रीदार (दर्यापूर)

भाऊ, तुमी बी कमाल करता. पोट्ट्यायनं ड्रेस घातला तं तुमच्या पोटात काऊन दुखून राह्यलं? आमच्या टायमाले शक्तिमान होता. रविवारी दुपारी थो लागे आन् नेमकी लाइन जाये. मंग ट्रॅक्टरची बॅटरी काढून आमी टीव्ही चालवला हाये. शक्तिमानसारखे गोल गोल फिरून उकिरड्यात पडलेले पोट्टे म्या सोता पाह्यले. त्यातला एक आता तलाठी हाये. काई बिघडलं नाई त्याचं.

मनोरंजन म्हना आन् सोडा. गुलाबजामूनले कोनी इचारते का, तुह्यात ताकद किती म्हून?

पडद्यामागचा

मनोरंजन म्हणायला माझी ना कुठं आहे? गुलाबजामून खा. त्याला भाकरीचं बक्षीस देऊ नका, एवढंच.

निंबोणी (अर्जुनी मोरगाव, सध्या नागपूर)

काका, तुम्ही कापूस, तूर, सोयाबीन सगळी पोती एकाच काट्यावर टाकून एकच भाव काढलात.

बॅटमॅनचा 'द डार्क नाइट' (२००८) घ्या. त्यात कुणी उडत नाही की दुसऱ्या ग्रहावरून येत नाही. एक माणूस शहराला विचारतो की भीती दाखवली तर तुम्ही किती दिवस सज्जन राहाल. जोकर झालेल्या हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं, ते स्फोटांसाठी नव्हे. शिवाय तुम्ही म्हणता की साधी माणसं फक्त पळतात. त्याच सिनेमात दोन बोटींवरची माणसं आहेत. एकीवर सामान्य प्रवासी, दुसरीवर कैदी. दुसरी बोट उडवली तर आपण वाचू, असं दोघींना सांगितलेलं असतं. कुणीच बटण दाबत नाही. तिथं हिरो काहीच करत नाही, पब्लिकच करतं.

आता 'ब्लॅक पँथर' (२०१८). सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा पहिला सुपरहिरोपट. वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि पार्श्वसंगीत अशी तीन ऑस्कर मिळाली. पण मला तो आवडतो तो वेगळ्या कारणानं. त्यातला राजा आपल्या माणसांशी खोसा बोलतो, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली खरी, जिवंत भाषा, आणि सगळं जग खालच्या पाट्या वाचतं. मी नागपूरच्या होस्टेलला आले तेव्हा फोनवर आईशी झाडीबोलीत बोलायची तर रूममेट हसायच्या. दोन महिने मी जिन्यात जाऊन फोन करत होते. तो सिनेमा पाहिला त्या रात्री खोलीत बसून बोलले. एवढ्यासाठी कुणी त्या सिनेमाचं कौतुक केलं तर मला जास्त वाटत नाही.

आणि तुमच्या कसोटीबद्दल. पोरं गोष्ट सांगत नाहीत, ती खेळतात. हातोडा फेकला, ढाल मारली, चुटकी वाजवली, हे तुम्हाला उत्तरच मिळालं होतं की. तुम्ही वायर गुंडाळत होता.

तर्रीदार

पोरीनं काकाची वायरच काढली 😄

खडू-डस्टर (मेहकर तालुका)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. मी पडद्यामागचा यांच्या बाजूनं. चौथीला 'माझा आवडता नायक' हा निबंध दिला होता. एका मुलानं आयर्न मॅनवर लिहिलं, 'त्याला कोणालाच काही विचारावे लागत नाही.' मी ते वाक्य लाल पेनानं कापायला गेलो आणि थांबलो. कारण मुलानं बरोबर लिहिलं होतं. आपल्याकडे पाइपलाइन फुटली तर ग्रामसभा, अर्ज, तीन चकरा. तिथं श्रीमंत माणूस तळघरात चिलखत ठोकतो आणि प्रश्न संपतो. चार जणांनी मिळून काही करायचं असतं, ही गोष्टच त्यात नाही.

निंबोणी

सर, 'चार जणांनी मिळून' यावरच तर 'अॅव्हेंजर्स'चा सगळा डोलारा उभा आहे! चिलखतवाल्याचं म्हणाल तर मान्य, त्याच्या घरी पैसा आहे. पण पोळ्याला सहा पोरं आयर्न मॅन होऊन आली नव्हती. ती स्पायडरमॅन होऊन आली. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी हे पोरगं घडवलं तेव्हा त्याला ना बाप दिला ना पैसा. काकाकाकूकडे वाढतो. एका चोराला 'आपल्याला काय करायचं' म्हणून जाऊ देतो आणि तोच चोर पुढं काकाला मारतो. पुढच्या बऱ्याच सिनेमांत भाडं, नोकरी, काकूचं टेन्शन. हे आपल्या पोरांना कळत नसेल असं वाटतं तुम्हाला?

२००४ मध्ये तर याचा भारतीय अवतारही कॉमिकमध्ये आला. पवित्र प्रभाकर. खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला, धोतर नेसणारा, वर्गात चिडवला जाणारा. तोच पवित्र २०२३ च्या 'अॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये होता, आणि तो सिनेमा मराठीतही डब झाला होता. आमच्या तालुक्याला टॉकीज नाही, म्हणून मराठी स्पायडरमॅन मराठी खेड्यात पोचला नाही. तो दोष सिनेमाचा नाही.

खडू-डस्टर

मराठीत आला होता? हे खरंच नवीन. पण मग तो धोतर नेसणारा पवित्र बाजारात ड्रेस होऊन का येत नाही? लाल-निळाच का येतो? कौतुक गोष्टीचं करा, विकत जातं ते वेष्टन.

मंडईकर (वडसा)

मी झाडीपट्टीत पंधरा सीझन रंगमंचामागे काढले. कधी प्रॉम्प्टर, कधी मेकअप, कधी हवालदाराचं काम. पडद्यामागचा यांनी आमच्या नाटकांचं कौतुक केलं, बरं वाटलं. पण खोटं कशाला बोलू? आमच्याकडेही ठरलेलं असतंच. सासू छळणारी, पाटील वाईट, मधे विनोदी जोडी, दर अर्ध्या तासानं गाणं, पहाटे चारला रडारड. आज कुठं किती बुकिंग झालं यावरूनच कंपनीचा मोठेपणा ठरतो. २०२३ ला आमच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या कितीतरी लोकांनी पहिल्यांदा विचारलं, झाडीपट्टी म्हणजे काय? तोवर आम्हीही कुणाच्या तरी लेखी आकाशपाळणाच होतो.

फरक एकच. आमचा खलनायक दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर भेटतो. बाया त्याला शिव्या देतात आणि मग चहाही पाजतात.

पऱ्हाटी (घाटंजी)

सगळं वाचून राह्यलो होतो. माहं वय एकोणसाठ. म्या दोनच सुपरहिरोचे सिनेमे धड पाह्यले. दोन्हीत शेती हाये, म्हून सांगतो.

पयला १९७८ चा 'सुपरमॅन'. पाह्यला म्या बऱ्याच वर्सानं, अमरावतीले होस्टेलले होतो तवा. इंग्रजी काईच समजत नोतं. पन थो पोरगा कास्तकाराच्या घरी वाढते, एवढं समजलं. थो आगगाडीच्या पुढं पयते. आन् त्याचा बाप घराजवळच छाती धरून पडते. पोरगा एवढा ताकदीचा, तरी त्याले बाप वाचोता येत नाई. मयतीच्या जागी थो मायले तेच सांगते. भाषा समजाची गरजच नोती. मंग गव्हाच्या वावरात मायचा निरोप घेऊन थो निंगून जाते. शेवटी थो आपल्या आवडत्या पोरीसाठी पृथ्वी उलटी फिरोते, टाइम मांगं नेते, तिले जित्ती करते. मी टॉकीजमंदी बसून एवढाच इचार करत होतो, का बापाच्या टायमाले काऊन नाई फिरोली बे?

माहा बाप त्याच्या दोन वर्सं आधी गेला होता. कसा, ते सांगत नाई.

दुसरा पोराच्या मोबाइलवर पाह्यला, हाच 'एंडगेम'. त्यातला थो जांभळा राक्षस अर्धी दुनिया मारते. काऊन, तं म्हने सगळ्यायले पुरत नाई. आन् मंग जाऊन शेती करते! आपलं चिलखत काढून वावरात बुजगावनं करून उभं करते. पोरगा म्हने बाबा, हसता काऊन? म्या म्हनलं, अर्धी दुनिया मारली तरी पाखरं मेली नाई वाटते पुरी, बुजगावनं लागतेच हाये.

पडद्यामागचे भाऊ, तुमची कसोटी गोष्टीची हाये. ही गोष्ट मले चाळीस वर्सं झाली सांगता येते. आता महान का काय थे तुमी ठरवा.

तर्रीदार

दादा 🙏

निंबोणी

पऱ्हाटी काका, मी तो जुना सुपरमॅन पाहिला होता आणि कंटाळले होते. आता पुन्हा बघावा लागेल. खेड्यातलाच सुपरहिरो बघायचा असेल तर २०२१ चा मल्याळम 'मिन्नल मुरली' बघा, हिंदीत आहे. गावातला शिंपी. एकाच रात्री दोघांवर वीज पडते, एक हिरो होतो, एक खलनायक. आणि जो खलनायक होतो त्याला गावानं वर्षानुवर्षं वेडा म्हणून हिणवलेलं असतं. मला शेवटी रडू आलं ते त्याच्यासाठी.

खडू-डस्टर

हा बघतो. पण लक्षात घ्या, आपण जे जे चांगलं म्हणून पुढं केलं ते जुनं, नाहीतर बाहेरच्या वाटेचं. २०२३ चा 'द मार्व्हल्स' ('अॅव्हेंजर्स'वाल्या मार्व्हल कंपनीचा) त्यांच्याच मालिकेत सगळ्यांत कमी कमाईचा ठरला. लोकही कंटाळलेत. साच्याचं कौतुक आपोआप होत होतं, ते आता थांबलं, हे बरंच झालं.

निंबोणी

सर, ज्यात तीन बायका हिरो होत्या नेमका तोच उदाहरणाला घेतलात. असो, तो मलाही नाही आवडला.

पडद्यामागचा

दोन दिवस इथं आलो नाही, विसर्जनाची कामं होती. निंबोणीनं वायरीचं जे म्हटलं ते लागलं. पऱ्हाटी भाऊंचं वाचून तर काय लिहावं सुचेना. आकाशपाळण्याची गोष्ट कुणी सांगत नाही, असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो. बाकीचं अजून घेत नाही. आठवड्याला एक नवा सिनेमा महाकाव्य ठरतो, हे मला अजूनही पटत नाही.

काल विसर्जन झाल्यावर तो झडतीवाला स्पायडरमॅन भेटला. आता बंडी-चड्डीवर होता. त्याला विचारलं, तुह्या स्पायडरमॅनची गोष्ट सांग. म्हणाला, तो रात्री आमच्या वावरात येतो. धुऱ्यावरच्या बाभळीवर चढतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळं सोडतो. मग रोही (नीलगाय) येत नाही, डुकरं येत नाहीत, आणि बाबाला जागलीला जावं लागत नाही. बाबा घरी झोपतो. मी विचारलं, हे कोणत्या सिनेमात आहे? तर माझ्याकडे असा बघायला लागला, जसा मीच वेडा.

तर्रीदार

नंबर कोनता देल्ला होता त्याले पोळ्याले?

पडद्यामागचा

कोणताच नाही. पहिला शेतकऱ्याला दिला, धोतरवाल्याला.

पऱ्हाटी

पोराले सांगा, डुकराले जाळ्यानं काई होत नाई. खालून उकरून आत येते. जमिनीपासून वीतभर उंचीवर तार पायजे, झटक्याची.