झाँकीत चिनी पद्धतीचं अधांतरी मूल: दांडा किती जाड घ्यावा?

रवीवाला_कृष्ण (इंदूर):
अनंत चतुर्दशीच्या झाँकीत (आमच्याकडचा चित्ररथ) हाँगकाँगच्या चेउंग चाउ बेटावरच्या मिरवणुकीसारखा, मूल हवेत उभं असल्यासारखा देखावा करायचा आहे. खाली यशोदा, तिच्या हातातल्या रवीच्या टोकावर बाळकृष्ण. दोन्ही खरी मुलंच. ट्रॉली ओढायची आहे. दांडा कुठून न्यायचा, किती जाड?

लोखंडी_पेठ:
वरचं मूल उभं दिसतं, पण असतं बसलेलं. ट्रॉलीवरच्या तळपेटीतून निघालेला दांडा यशोदेच्या पाठीमागून, साडीच्या आतून वर जातो, बाहीतून बाहेर येऊन रवीत लपतो आणि कृष्णाच्या झग्याखालच्या खोगिरात संपतो. खरे पाय झग्यात राहतात, बाहेर दिसतात ते खोटे. यशोदेच्या हातावर गुंजभरही वजन येता कामा नये.

मूल १६ किलो, खोगीर-पोशाख ४ किलो, झोक, म्हणजे वरचं मूल दांड्याच्या बुडापासून जितकं बाजूला जातं ते अंतर, ६० सेंमी धरा. दीड मीटर उंचीला ३२ मिमी भरीव सळई घ्या. २५ ची मोडायची नाही, पण डोलेल, आणि वरचं मूल घाबरेल. बाक गरम करून वळवा. कापून वेल्डिंग केलं तर हादऱ्यांनी तडा तिथेच जातो. पेटीत दांडा दोन बोल्टांनी आवळा. एकाच बोल्टवर तो फिरतो, मुलासकट! झोक चाकांच्या आत हवा, तळाशी शंभरेक किलो वाळू. आधी खोगिरात ४० किलोचं पोतं बांधून खड्ड्यांतून ट्रॉली फिरवा.

सराफ्यातली_ताई:
दादा, सांगाडा झाला, मुलाचं काय? कंबरेला एक आणि मांड्यांना दोन पट्टे, रुंद नवारीचे, दोरी काचते. झग्याच्या आत पाय टेकायला पट्टी द्या, नाहीतर लोंबकळून मुंग्या येतात. मुकुट पुठ्ठ्याचाच. चेउंग चाउची मिरवणूक दिवसा निघते, चिनी चौथ्या महिन्यात. आपल्या झाँक्या रात्रभर चालतात, मूल पेंगणारच, आणि पेंगलं की मान पुढे पडते. अर्ध्या तासाने उतरवा. दोन मुलं आलटून-पालटून बसवा, मधल्या वेळात बाहुला. मला तर इंदूरच्या राजवाड्यापुढे बाहुलाच बरा वाटतो.

रवीवाला_कृष्ण:
ताई, पटलं. पण वाटेत तारा फार खाली आहेत.

लोखंडी_पेठ:
मुकुटाच्या टोकापेक्षा अर्धा मीटर उंच कोरडा बांबू घेऊन चार दिवस आधी सगळा रस्ता चाला. जिथे अडेल तिथे देखाव्याची उंची कमी करा. बांबूने तार उचलणारा गडी ठेवू नका. खाली लोखंडी दांडा आहे आणि त्यावर मूल. वीज बंद ठेवायची असेल तर वीज कंपनीला लेखी अर्ज द्या, तोंडी होकारावर विसंबू नका.

जुना_मालवा:
हे नुसतं हाँगकाँगचं नाही. ग्वांगझूजवळच्या शावान गावीही आहे. शान्सी प्रांतात तर दांडा माणसाच्या पाठीला बांधतात, तो ठेक्यात चालतो आणि वरचं मूल झुलतं. दिसतं फार सुंदर, पण ते सरावाच्या गड्याचं काम. पहिल्या वर्षी ट्रॉलीच ठेवा.