कॅमिओ प्रूफ घ्यावं की रंग चढलेला जुना रुपया? एकच परवडणारे

नवीपेठकर
मंडळी, एकाच नाण्याचं बजेट हाय. एका ओळखीच्यांकडं १९६९चं गांधी जन्मशताब्दीचं १० रुपयाचं प्रूफ आहे, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं नाणं; चेहरा दुधासारखा पांढरा आन मागं नुसता आरसा, त्यालाच कॅमिओ म्हणतात. दुसरीकडं १९१८चा पंचम जॉर्जचा रुपया, कडेला निळा, मग जांभळट, मधी सोनेरी. माझं मन रुपयावर, पण बायको म्हणते काळं पडलेलं नाणं पैसे देऊन आणणारा तूच पहिला.

आरसावाला
वहिनी बरोबर बोलतायत. प्रूफ म्हणजे कारागिरी बघ, कोरी चकती पॉलिश, साचा पॉलिश, आन एकापेक्षा जास्त ठोके. त्यात साच्यात चेहऱ्यापुरता मुद्दाम ठेवलेला खरखरीतपणा पूर्वी लवकर झिजायचा, म्हणून सुरुवातीच्या थोड्याच नाण्यांवर चेहरा असा पांढरा उतरायचा, पुढची नुसती चकचकीत. रुपये तर पोत्यानं पाडले होते बे.

गड्ड्याचा गिऱ्हाईक
पोत्यानं पाडले पण तसा रंग किती जणांवर चढला? ९१.७ टक्के चांदी, हवेतल्या गंधकानं वर सल्फाइडचा पातळ थर बसतो, थराच्या जाडीप्रमाणं आधी पिवळा, मग जांभळा, मग निळा. पावसात रस्त्यावर ऑइल सांडल्यावर दिसतं ना, तेच. तू म्हणतोस तसली प्रूफं हल्ली टांकसाळ ढिगानं काढते, साचे टिकाऊ झालेत, सगळीच कॅमिओ.

आरसावाला
हल्लीची सोडा अण्णा, हा १९६९बद्दल विचारतोय. आन तो थर कुठं थांबणार ते पण सांगा की, शेवटी काळंच ना? शिवाय उकडलेलं अंडं आन झाकणाचा डबा असला की अंड्यातल्या गंधकानं असा रंग घरी पण निघतो. अशा एका रुपयात मी फसलोय, म्हणून बोलतोय.

होटगी रोड
दोघांचं ऐकलं, पण सांभाळायचं कोण बोललंच नाही. प्रूफवर बोट लागलं की ठसा कायमचा, फडक्यानं पुसायला गेलात तर आरशावर केसासारख्या रेघा. आमच्या मावशींनी दिवाळीत देवाच्या भांड्यांबरोबर माझा व्हिक्टोरिया रुपया चिंचेनं घासून दिला, वर म्हणाल्या बघ कसा उजळला. मी काय बोलणार? पीव्हीसीच्या पाकिटात तर ठेवूच नका, आपल्या उन्हाळ्यात हिरवं चिकट सुटतं.

नवीपेठकर
आज भिंग घेऊन गेलतो. रुपयाच्या मानेवर ओरखडा हाय, त्यात पण तोच निळा, म्हणजे रंग ओरखड्यानंतर चढला. मग केलेला रंग का?

आरसावाला
सांगितलं होतं!

गड्ड्याचा गिऱ्हाईक
थांब बे, ओरखडा साठ वर्षांपूर्वीचा असला तर त्यात पण रंग चढणारच की. अक्षरांच्या कडेला बघ, खरा रंग तिथं हळूहळू बदलतो, कुणी फासल्यासारखा सपाट नसतो. आन नाणं तिरकं फिरव, रंगाखालून चमक फिरली पायजे. ट्यूबखाली काय कळणार, उन्हात घे.

नवीपेठकर
दुकानात ट्यूबच होती ओ. रविवारी परत जातो, उन्हात बघतो. प्रूफवाल्याला पण तोवर थांबा म्हणालोय, घरी अजून कायबी सांगितलं नाही.